उघड्या टपाची गाडी

मंडपवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीला दुसऱ्यांची लग्नं पाठ असतात. सांगवीतलं आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं सगळं गोदाम. त्यात कनाती, सतरंज्या, बांबू, दोरखंडाची वेटोळी, भटारखान्याची भलीमोठी पातेली आणि नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली खुर्च्या. दुपारी मी अभ्यासाला त्याच खुर्चीत बसायची, पाय दुसऱ्या खुर्चीवर. थोडा ऊस होता, तो कारखान्याला जायचा, पण चूल पेटायची ती मंडपावर. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दिवस जनरेटरचा दोर ओढून सुरू व्हायचा. एकदा ओढायचा, दोनदा ओढायचा, मग एक सणसणीत शिवी, मग धूर, मग ते धूड एकदाचं थरथरायला लागायचं. ती शिवी कानावर आली की आई तवा ठेवायची. न्याहारीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि रात्रीची उरलेली आमटी. लग्नसराईत ताटात आदल्या दिवशीच्या कुणाच्या तरी लग्नाची बुंदी पडायची, सलग आठ-आठ दिवस. आजही कुणी बुंदी पुढं केली की मी ताट मागं ओढते.

तर दुसऱ्यांची लग्नं आम्हाला पाठ, पण माझं स्वतःचं काही जमेना. माझा साखरपुडा झाला होता, आमच्याच मंडपात, आमच्याच त्या लाल खुर्च्यांवर. दोन महिन्यांनी मोडला. पोराकडच्यांना माझ्यापेक्षा मोठं घर मिळालं, एवढंच कारण. पण गावाला एवढं कारण पुरत नाही. पोरीतच काहीतरी असणार, असं बोललं जायचं, तेही आमच्याच नळावर, आमच्याच आईच्या देखत. त्यानंतर मी बारामतीत मेकॅनिकलच्या डिप्लोमाला नाव घातलं. सगळ्या वर्गात मुली तीन. तात्यांनी अडवलं नाही, उलट एसटीचा पास स्वतः काढून आणला. आई मात्र म्हणायची की एकतर साखरपुडा मोडलेली, त्यात लोखंड घासायला शिकलेली, आता हिला करून घेणार कोण? ती चुकीचं बोलत नव्हती, हे मला आता कळतं. आणखी एकदा मोडलं असतं तर सांगवीच्या वाटेला स्थळ फिरकलंच नसतं, अशी तेव्हाची हवा होती.

अशात इंदापूरचं स्थळ आलं. मध्यस्थ होते गुलाबराव, आमच्या मंडपाचे जुने गिऱ्हाईक. पोराचे वडील भाऊसाहेब मोठे कंत्राटदार, तालुक्यात वजन असलेला माणूस. हुंड्याच्या विरोधात स्टेजवर बोलायचे. आमच्या घरी बघायला आले तेव्हाही पोहे खाता खाता म्हणाले, आम्हाला एक पै नको, पोरगी आणि नारळ द्या. आईनं आतल्या खोलीत देवाला हात जोडले, मी बघितलं. पोरगा रणजित. सरळ सांगते, मला तो आवडला. उंच, सावळा, हसताना मान खाली घालायचा. बाकीच्यांनी मला स्वयंपाक येतो का विचारलं, यानं विचारलं की लेथ मशीन चालवताना भीती वाटते का. मी म्हणाले, पहिल्यांदा वाटते. तो म्हणाला, मला तर अजून बुलडोझरची वाटते. मी हसले, आणि हसल्याबद्दल आईची नजर खाल्ली. पुढचे आठ दिवस मी वर्कशॉपमध्ये खुळ्यासारखी हसत होते.

मग मध्येच गाडी आली. भाऊसाहेबांकडं एक परदेशी, उघड्या टपाची गाडी होती. बटण दाबलं की छत आपोआप मागं दुमडून डिकीत जायचं. जुनी होती, दुसऱ्या का तिसऱ्या हातानं पुण्यातून आणलेली. तिचं नाव सांगत नाही, त्या कंपनीचा यात काही दोष नाही. गुलाबराव निरोप घेऊन आले की भाऊसाहेब ती गाडी काढतायत, तर मंडपवाल्यानं घ्यावी, नवरदेवाच्या वरातीला असली गाडी लावली तर घोड्याला कोण विचारतंय? बोलणं खोटं नव्हतं. त्या वेळी आमच्याकडं वरातीला उघडी जीप मिळणं म्हणजे चैन होती. आधी गाडीचा व्यवहार होऊ दे, मग पुढच्या गुरुवारी सुपारी फोडू, असं ठरलं. दोन्हीचा संबंध कुणी तोंडानं जोडला नाही, पण एकाशिवाय दुसरं होणार नाही हे आमच्या मांजरालाही कळलं असतं. तात्या एकटे जाऊन गाडी बघूनही आले. कशी आहे विचारलं तर म्हणाले, लाल हाय.

किंमत ऐकून मी गार पडले. तेवढ्यात नवी जीप आली असती आणि वर बँडवाल्यांचा वर्षाचा खर्च निघाला असता. पण मला वाटलं, गाडी खरंच तशी असेल. मला तसं वाटायला हवं होतं, खरी गोष्ट ती. गाडी चांगली निघाली की गुरुवारी सुपारी, आणि सुपारी फुटली की रणजित. मी आमच्या वर्कशॉपच्या सरांना गाठलं आणि विचारलं, जुनी, भारी, छत उघडणारी गाडी घ्यायची तर काय बघायचं? सरांना कुणीतरी विचारावं हीच त्यांची हौस. अर्धा तास त्यांनी मला सोडलं नाही. म्हणाले, असल्या गाडीचं इंजिन शेवटी बघायचं, आधी पाणी बघायचं. छताच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती तुंबली की पाणी सगळं आत. गालिचा उचलून खाली हात घालायचा. छत एकदा नाही, तीन-चारदा उघडायचं आणि झाकायचं, पहिल्यांदा सगळीच चालतात. पोचायच्या आत कुणी गाडी सुरू करून ठेवली नाही ना, हे बॉनेटला हात लावून बघायचं, कारण आजारी इंजिन गार असतानाच खरं बोलतं. आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. गाडी धुतात, गालिचे बदलतात, सीटं नवी शिवतात, पण पट्ट्याचं आत गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही.

आता मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या आणि पुरातल्या गाड्या तपासते. बावीस-तेवीस वर्षांची पोरं माझ्या हाताखाली मोबाईलवर फोटो काढतात. अजूनही गाडीत बसल्यावर माझा हात पहिल्यांदा पट्ट्याकडंच जातो. पोरं म्हणतात, मॅडम, गाडी उभी आहे, पट्टा कशाला लावताय? मी पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढते.

मी पण इंदापूरला येणार म्हटल्यावर घरात वादळ झालं. सुपारी फुटायच्या आधी पोरीनं पोराच्या दारात पाऊल टाकायचं म्हणजे आईच्या मते लाजच सोडली. मला वाटलं होतं तात्या माझी बाजू घेतील, कारण यंत्रातलं काहीही बिघडलं की ते मलाच हाक मारायचे. तर तात्याच जास्त अडून बसले. काय करायचंय तुला, मी बघितलीय की गाडी. मी म्हणाले, तुम्हाला बैल कळतो, गाडी कळत नाही. हे त्यांना लागलं असणार, कारण मंडपाच्या आधी तात्या बैलांचा व्यापार करायचे आणि बाजारात त्यांना फसवणारा कुणी नव्हता. शेवटी भाऊसाहेबांनीच गुलाबरावांच्या तोंडी निरोप धाडला की पोरगी इंजिनियर होणार आहे म्हणे, तिलाही आणा, बघू दे आमची गाडी. मग तात्यांना नाही म्हणता येईना.

मंडपाच्या टेम्पोतून आम्ही दोघं निघालो. आईनं मला मोरपंखी साडी नेसवली होती आणि दहा वेळा बजावलं होतं की वाकू नको, पदर सोडू नको. बारामती सोडली, पिंपळी मागं पडली, पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. तात्या एरवी टेम्पो चालवताना अखंड बोलतात, कुणाच्या शेतात काय लावलंय, कुठल्या वळणावर कोण उलटला होता. त्या दिवशी गप्प. एकदाच म्हणाले, "फार खोलात जाऊ नगंस. सोयरिकीचं घर हाय." मी व्हय म्हणाले. मला वाटलं, भीड आहे म्हणून सांगतायत.

भाऊसाहेबांच्या बंगल्यामागं पत्र्याचं शेड होतं, त्यात ती उभी. काय सांगू, सुरेख होती. मी आजवर इतक्या गाड्या बघितल्या, पण तशी पोट खाली टेकवून बसल्यासारखी ऐटबाज गाडी क्वचित. लाल रंग इतका घासलेला की त्यात माझी मोरपंखी साडी दिसली. माझं मन एकदम हलकं झालं. मी नुसता लाड केल्यासारखा बॉनेटवर हात ठेवला, आणि बॉनेट गरम होतं. चांगलंच गरम. आम्ही यायच्या आधी कुणीतरी गाडी बराच वेळ चालू ठेवली होती. मी स्वतःला समजावलं, शेडमधून पुढं घेतली असेल. शेडमधून पुढं घ्यायला केवढं इंजिन तापतं हे मला चांगलं माहीत होतं.

गच्चीवर बायका उभ्या राहून मला बघत होत्या, मी गाडीला बघत होते. रणजितनं दार उघडलं आणि आतून अत्तराचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. देवळातल्या मोगऱ्यासारखा वास, आणि त्याच्या खाली आणखी एक वास. तो मी ओळखत होते. पावसात भिजलेली कनात न वाळवता घडी घालून ठेवली की पंधरा दिवसांनी गोदामाला तो वास येतो. मी तात्यांकडं बघितलं. तात्या भाऊसाहेबांशी उसाच्या तोडणीबद्दल बोलत होते आणि त्यांची पाठ गाडीकडं होती. जो माणूस बैल घेताना त्याच्या जिभेला हात लावून बघायचा, तो गाडीकडं पाठ करून उभा. मी म्हणाले, छत उघडून दाखवा. रणजितनं बटण दाबलं, छत घरघरत मागं गेलं, बायकांनी वरून कौतुक केलं. मी म्हणाले, झाका. झाकलं. परत उघडा. भाऊसाहेब हसले आणि म्हणाले, वरातीत एवढ्यांदा कोण उघडतंय? तिसऱ्या वेळी छत मध्येच, आकाशाकडं तोंड करून थांबलं. मोटारीचा नुसता कण्हल्यासारखा आवाज. रणजितनं बाहेरून हातानं ढकललं तेव्हा ते खाली बसलं. पुढच्या दिव्याच्या काचेत आतल्या बाजूनं एक आडवी पिवळट रेघ होती, अर्ध्या दिव्यापर्यंत. मी पायाशी गालिचा चाचपला तर तो कोरा करकरीत, बाकीच्या गाडीपेक्षा कितीतरी नवा. मी गालिच्याची कड उचलायला वाकले तेवढ्यात तात्यांची हाक आली, "बास झालं, वैशे. उठ आता."

मग टॉवेलाचा कार्यक्रम झाला. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं एकमेकांच्या हातावर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळू नये. भाव जुळला की हात बाहेर. त्यानंतर बैल जुंपून चार पावलं चालवून बघायचा, तो चालला की व्यवहार पक्का. गाडीचा भाव तर आधीच बोलून झाला होता, पण गुलाबरावांना गंमत सुचली की तात्या जुने बैलवाले, होऊ दे त्यांच्या पद्धतीनं. सगळे हसत गोळा झाले. भाऊसाहेबांनी हात पुढं केला, तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल टाकला. मी लहानपणी तात्यांना बाजारात तासभर त्या टॉवेलाखाली भांडताना बघितलंय. डोळे मिटून, मान हलवून, हात झटकून परत घालून. त्या दिवशी त्यांचा हात आत गेला आणि लगेच बाहेर आला. एक बोटसुद्धा कमी केलं नाही त्यांनी. कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला. मी पेढा तोंडात घातला, त्याची चव मला लागली नाही.

भाऊसाहेब म्हणाले, रणजित, पोरीला एक चक्कर मारून आण, गाडी आता त्यांचीच आहे. हे बोलणं ऐकून गच्चीवर बायका खुसखुसल्या. तात्या खाली बघत होते. गाडी गावातून गेली तेव्हा लोक दुकानांच्या पायऱ्यांवर आले, आणि खोटं कशाला बोलू, वाऱ्यानं माझा पदर उडत होता तेव्हा एक क्षण मी सगळं विसरले. रणजित म्हणाला की वरातीला हीच ठेवू, आपल्या. मी पहिल्यांदा लाजले. मग आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो, एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला ट्रक, आणि रस्ता ओलांडायला गाडी मधोमध आली तेव्हा सगळं एकदम मेलं. इंजिन गेलं, काट्यांचे दिवे गेले, हॉर्न वाजेना. ट्रकांच्या धुरामुळं रणजितनं छत झाकायला घेतलं होतं, ते अर्धवट वर येऊन थांबलं. समोरून कारखान्याच्या मळीचा टँकर येत होता आणि तो हॉर्न वाजवतोय का ओरडतोय हे मला कळेना. रणजित नुसता किल्ली फिरवत होता, फिरवत होता. मी म्हणाले, उतरा आणि ढकला. तो जागचा हलेना. मी साडी वर खोचली, उतरले आणि मागून रेटायला लागले, तेव्हा तो उतरला. टँकर आमच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं मी गाडीवर आपटले. बाभळीखाली गाडी लागली तेव्हा मी दार उघडून आत बसले आणि काहीतरी धरायचं म्हणून पट्टा धरला.

आणि ओढला. ओढतच गेले. काळा, स्वच्छ पट्टा येत राहिला, आणि शेवटचं टोक आलं ते मातकट. वाळलेला गाळ, बोटानं चोळला की पीठ होणारा. सीटच्या मागं, गादीच्या वरच्या अंगाला होती त्या पट्ट्याची गुंडाळी. म्हणजे पाणी तिथपर्यंत चढलं होतं.

"गाडी पाण्यात बुडाली हुती," मी म्हणाले.

"पुण्यात," रणजित म्हणाला. "तळघरात उभी हुती, पावसाळ्यात."

"मग आमच्या तात्यांना का सांगितलं न्हाय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला खरंच नवल वाटलं होतं. मी ते तोंड अजून विसरले नाही. "तात्यांना ठाव हाय की," तो म्हणाला. "तुमाला कुनी बोललं न्हाय? गाडी आपली नावाला. वडलांनी हुंड्यावर एवढी भाषणं केल्यात, उघड कसं मागनार?"

तो वाईट बोलला नाही. समजूत घातल्यासारखा बोलला. पुढं म्हणाला की तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, लग्न झालं की ही भंगारात घालू आणि दुसरी घेऊ. मी विचारलं, तुम्हाला हे चाललं? तो म्हणाला, वडिलांपुढं आमच्यात कुणी बोलत नाही. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा. बॉनेट काय, दिवा काय, गालिचा काय! सगळी माणसं माझा भाव करत होती आणि मी आपली गाडी तपासत बसले होते.

बऱ्याच वेळानं गाडी कशीबशी सुरू झाली. आम्ही परत आलो तेव्हा पंगतीची ताटं मांडली जात होती. तात्या आणि भाऊसाहेब खुर्च्यांवर बसले होते, गुलाबराव तंबाखू मळत होते. मी उतरून सरळ तात्यांपुढं गेले. साडीचा एक काठ फाटला होता, हाताला काळं लागलं होतं, केसांत धूळ.

"तात्या, ही गाडी बुडालेली हाय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

गच्चीवरची कुजबुज थांबली. भाऊसाहेब हसले आणि म्हणाले की पोरगी हुशार आहे, पण व्यवहार तर ठरलाय. तात्यांनी वर बघितलं नाही. "ठाव हाय मला," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी वास आला हुता. तू आत जा."

"मला असं न्हाय यायचं ह्या घरात."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. आमच्याकडं पोरी असं बोलत नाहीत, तेव्हा तर नाहीच. गुलाबरावांची मळती बोटं थांबली. मला वाटलं, तात्या आता उठतील आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत देतील, आणि खरं सांगते, दिली असती तर मी गप्प बसले असते. तात्या उठले. पण ते माझ्याकडं आलेच नाहीत. माझ्या साडीच्या फाटक्या काठाकडं, माझ्या काळ्या हातांकडं त्यांनी बघितलं, मग वळून रणजितला विचारलं, अगदी मऊ आवाजात, "जावईबापू, रस्त्याला गाडी कशी चालली?"

रणजितनं वडिलांकडं बघितलं. नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून. मी त्याच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, बोल. अजून वेळ आहे, बोल. बंद पडली एवढं म्हण, टँकरखाली आलो असतो एवढं म्हण, मी बाकीचं सगळं गिळीन. इतकं बिघडूनसुद्धा मला तो हवा होता.

"झकास चालली," रणजित म्हणाला.

तात्यांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. भाऊसाहेबांपुढं त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सौदा बैलाच्या रिवाजानं केलाय. जुंपून बघितल्याबिगर तो पक्का न्हाय. आमी जुंपून बघितला." भाऊसाहेबांचा चेहरा उतरला, मग चढला. ते म्हणाले की टॉवेलातून निघालेला हात मागं घेणारा तुमच्याइतका जुना माणूस मी बघितला नाही, आणि तुमच्या पोरीचं आता कुठं जमतं तेही बघतो. गुलाबराव मधे पडायला लागले. तात्या तोवर चालू लागले होते. मी मागून गेले. पंगतीतल्या ताटांत जिलबी वाढून झाली होती.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मला अपराधी वाटत होतं, सुटल्यासारखं वाटत होतं, आणि रणजितची मान खाली घालून हसायची लकब आठवून छातीत दुखत होतं, सगळं एकदम. तात्यांनी किती मोठा शब्द मोडला होता ते मला कळत होतं. बाजारात त्यांचा हात टॉवेलातून निघाला की लोक पैसे मिळायच्या आधीच बैल सोडून द्यायचे, एवढी त्यांची पत. पिंपळीच्या अलीकडं एका ट्रॉलीच्या मागं आम्ही अडकलो. मी म्हणाले, तात्या, तुम्हाला माहीत असून तुम्ही का घेत होता?

तात्या ट्रॉलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साखरपुडा मोडला तवा तू जेवत न्हवतीस. तुझी आई ताट घेऊन तुझ्या दाराला बसून ऱ्हायची. भाकरी वाळून जायची, ती नवी करून आनायची. मी गोदामात जाऊन बसायचो, मला बघवायचं न्हाय. म्हनलं गाडी बुडालेली असंल तर असू दे, पैका गेला तर जाऊ दे. ते ताट परत बघायला नगं."

मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे मी जेवत नव्हते हे माहीत होतं, पण दाराच्या पलीकडं कोण बसलंय हे मी कधी बघितलं नव्हतं. मी खिडकीकडं तोंड केलं आणि घर येईपर्यंत रडले. तात्यांनी मला गप्प केलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं माझी साडी बघितली, तात्यांचं तोंड बघितलं, आणि विचारायचं ते तिला विचारवेना. शेवटी म्हणाली, गाडीचं काय झालं? तात्या म्हणाले, "बुडालेली हुती." आईनं विचारलं, "आन पोरगं?"

"पोरगं बी त्यांचंच," तात्या म्हणाले आणि अंगणातच घोंगडीवर बसले. आई भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढून सगळी नळावरची बायकामंडळी गेली असणार. मी मोरीत जाऊन हात घासले, काळं निघालं नाही ते निघालं नाही. मग बाहेर आले आणि म्हणाले, आई, भूक लागलीय, वाढ. आई माझ्याकडं बघत राहिली. मी परत म्हणाले, वाढ की. तिनं घाईघाईनं ताट केलं, वांग्याची भाजी आणि भाकरी. मी तात्यांच्या समोर घोंगडीवरच मांडी घालून बसले. घास तोंडात नुसता फिरत होता, खाली उतरत नव्हता. तात्या माझ्या हाताकडं बघत होते, आई दाराशी. मी पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलला, भाकरी संपवली आणि आईला म्हणाले, अजून एक दे.